मांगचं डावं चाक

रिम आनली का संग? नाही आनली. मंग नट कशाले मागून राह्यले भाऊ? मोबाइलमधला फोटो मले नका दाखवू, फोटोत भोकाची खोबन दिसत नाही. अन् हे लाल-निळे चमचम करनारे नट तर बिलकूल नका मागू. त्यांची भिंत पातळ, त्यांची चावी वेगळी, अन् ती चावी जंगलात हरवली का बसा अस्वलाची वाट पाह्यत. धामणगाव बढ्यात पार्टचं दुकान माझं एकटीचं नाही, दुसरीकडं भेटतील, खुशाल घ्या. लोक म्हनतात जयमालाबाई गिऱ्हाइकाले हाकलते. हाव, हाकलते. ज्यानं जीपले असे धिप्पाड टायर लावले, त्याले चुकीचा नट देऊन मी घरी जाऊन जेवू कशी?

बसा त्या स्टुलावर. चहा सांगतला आहे. तवर माझं ऐका, अन् मधात बोलू नका. मधात कोनी बोललं का माझं डोकं फिरते.

माझी एकच पोरगी, राखी. तिले वर डोंगरात पळसखोरीले देली. गाव चांगलं, मानसंही चांगली, वाट मात्र अशी का बैलानंही आधी इचार करावा. सगळी दगडगोट्याची, मधात नाला, एका अंगानं कडा अन् दुसऱ्या अंगानं दरी. एस.टी. तिथं कधी गेली नाही अन् जानारही नाही. माझा जावई प्रेम, त्यानं एक जुनी जीप घेतली अन् तिले मोठाले टायर अन् नव्या अलॉयच्या रिमा लावल्या. लहान टायर त्या गोट्यात टिकत नाही हे खरं, पन अर्धं कारन रुबाब होतं, मले मालूम आहे. मंग त्याले संभाजीनगरले कंपनीत काम लागलं अन् जीप दारात उभी राह्यली.

एक दिवस राखीनं चावी उचलली अन् जीप चालवाले सुरवात केली. नवऱ्याले इचारलं नाही, मलेही नाही. सकाळी दुधाचे कॅन, बाजाराच्या बाया, दवाखान्यात जानारे म्हातारे घेऊन खाली धामणगावले याचं, दुपारी परत जाचं. पाह्यता पाह्यता सगळं गाव तिच्या जीपवर आलं. लोक तिचं कौतुक करत, अन् मी इकडं काउंटरवर बसून घाम पुसत होती. रोज सकाळी दुकान उघडलं का माझे कान रस्त्याकडं. तिच्या जीपचा आवाज आला का मंग मी तोंडात घास टाकत होती. एकुलती पोर आहे भाऊ, तिच्याशिवाय मले कोनी नाही.

आता त्या वाटेवर एक वळन आहे. खाली उतरताना डाव्या हाताले, कड्याच्या अंगाले, एक दगड आहे शेंदूर लावलेला. म्हसोबा म्हनतात त्याले. लोक नारळ फोडतात अन् पुढं जातात, त्यात नवल काही नाही. पन त्या वळनापाशी राखीच्या जीपचं मांगचं डावं चाक वाजाले लागलं. टक टक टक. तिनं उतरून पाह्यलं तर पाचही नट ढिले, नुसत्या बोटानं फिरत होते. तिनं तिथंच आवळले अन् खाली आली, अन् हे मले अशी सांगते जसं काही चहात साखर कमी पडली.

मी तिले दुकानासमोरच थांबवलं अन् चाक खोललं. मंग प्रेमच्या नावानं जे बोलली ते तुमाले नाही सांगत. रिमा नव्या, अन् नट जुन्या लोखंडी रिमचे. हे पाहा, हा नट. याचं तोंड चपटं आहे. अन् हा दुसरा पाहा, याचं तोंड निमुळतं. रिमची खोबन निमुळती असंल तर नटही निमुळताच पाह्यजे, तेव्हाच तो खोबनीत चहूकडून बसते अन् चाकाले मधोमध धरते. चपटा नट त्या खोबनीत नुसता काठावर टेकते. वरून वाटते घट्ट आहे. मोठा टायर जड, गोट्यावर आपटला का सगळा झटका नटावर जाते, मंग काठावर टेकलेला नट किती दिवस टिकंल?

मी तिले चारही चाकाले निमुळते, पोलादाचे, जाड भिंतीचे नट देले. बोल्टाचे आटे नटात किती जातात तेही हातानं फिरवून पाह्यलं. बोल्ट जेवढा जाड तेवढी तरी पकड आतमधे पाह्यजे. दोन फेऱ्यात जो घट्ट झाला तो नट दगाबाज समजाचा. समोरासमोरचे आवळले, ओळीनं नाही. गाडी जॅकवरून उतरवून पुन्हा आवळले. जुने चपटे नट भंगारच्या डब्यात टाकले, तो डबा इथं काउंटरखालीच असते. म्हनलं, जा पोरी, आता काही होत नाही.

आठवडा नाही झाला तर पुन्हा तेच. तेच वळन, तेच चाक.

आता माझ्या इहिनीचं सांगते, म्हनजे राखीच्या सासूचं. विमलबाई तिचं नाव. आमचं दोघींचं लग्नाच्या मांडवापासून जमलं नाही. मी म्हनलं पंगतीत बुंदी ठेवू, तिनं म्हनलं जिलबी. तिथून जे सुरू झालं ते कधी थांबलंच नाही. मी साडी नेली का तिले रंग फिका वाटे, तिनं पापड धाडले का मले मीठ जास्त लागे. पन एक सांगते, राखीले तिनं कधी टाकून बोललं नाही. पोरगी जीप चालवते म्हनून कोनी नाक मुरडलं तर विमलबाई त्याच्या दारात जाऊन त्याले सुनावून ये. म्हनून तर मले जास्त राग येत होता, कारन वाईट सासूशी भांडनं सोपं असते.

विमलबाईचं म्हननं एकच होतं. "त्याले चाक पाह्यजे." तो म्हनजे म्हसोबा. "त्याच्या तोंडासमोरून रोज एवढाली चाकं जाऊन राह्यली, अन् त्याले काहीच नाही. तो मांगनारच." म्हनून दर मंगळवारी अन् शनिवारी ती जीपच्या चाकाले शेंदूर लावे. एकाच चाकाले, मांगच्या डाव्या, कारन दगड डाव्या हाताले. नट सुटले का ती आनखी लावे. मी म्हनलं लावू दे, त्यानं तिचं समाधान होते अन् माझं काही जात नाही.

मंग एक दिवस एक नट गेलाच. वाटेत कुठं पडला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सहदेवनं राखीले थांबवलं. हा सहदेव त्या डोंगरात मेंढ्या चारते. म्हने, तुझा नट म्हसोबाच्या दगडावर आहे. राखी गेली तर खरंच, दगडाच्या डोक्यावर नट ठेवलेला, निमुळतं तोंड वर करून. पुढं बाजारात तो मले भेटला तर मी म्हनलं, तूच ठेवला असंल बे, सापडला म्हनून. सहदेव म्हने, "मावशी, मी त्या दगडाले हात लावत नाही. मेंढ्याही तिथून लांबून नेतो."

असो. वाटेनं दहा मानसं जातात, कोनाले सापडला असंल अन् त्यानं देवावर ठेवला असंल. सापडलेली वस्तू लोक देवावरच ठेवतात. मी मनाले हेच समजावलं. पन त्याच्या पुढच्या आठवड्यात राखी पुन्हा एक नट घेऊन दुकानात आली. "आई, हाही दगडावरच होता. पन हा माझा नाही, माझे सगळे जागेवर आहेत." मी हातात घेतला. चपटा होता, जुना. त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला, प्रेमनं कधीतरी चुकीचा पाना लावून उडवलेला. मी वाकली, काउंटरखालचा डबा ओढला अन् आतले चपटे नट मोजले. एक कमी होता.

मंग मी स्वतःलेच झापलं का जयमाला, भैताडासारखी करू नको, जुने नट सगळे एकसारखेच दिसतात, अन् दुकानात दिवसभर मानसं येतात-जातात. तो नट मात्र मी डब्यात नाही टाकला. मांगच्या नालीत फेकून देला, दुकानाले कुलूप घातलं, अन् दुपारी राखीच्याच जीपमधे बसून पळसखोरीले गेली. म्हनलं आता जे काय आहे ते माझ्या डोळ्यानं पाह्यते.

सकाळी निघाच्या आधी मी स्वतः नट आवळले. पान्यावर पाय देऊन, माझ्या सगळ्या वजनानं, अन् माझं वजन तुमी पाहूनच राह्यले. मंग मांगं बसली, डाव्या बाकावर, त्या चाकाच्या बरोबर वर. समोरच्या बाकावर उकंडराव, गावातले एक म्हातारे, दम्याचं औषध आनाले चालले होते. बाजाराच्या बाया, दुधाचे कॅन, हसनं-खिदळनं. नाला झाला, उतार सुरू झाला. वळन जवळ आलं तशा गप्पा बंद झाल्या. कोनी कोनाले गप्प बस म्हनलं नाही, आपोआप झाल्या. राखीनं जीप हळू केली. अन् दगडासमोरून जाताना जीप मांगून दबली.

कशी सांगू तुमाले? हळू चालनाऱ्या जीपच्या मांगच्या पायरीवर कोनी पाय देला का गाडी कशी जराशी दबते, तशी. डाव्या कोपऱ्यात, माझ्या बुडाखाली. मी झटकन मान वळवली. पायरीवर कोनी नव्हतं. मांगं वाट रिकामी, नुसता फुफाटा उडून राह्यला. उकंडराव माझ्याकडं पाहून म्हने, "रोजच होते." असं म्हने जसं काही कोनी त्यांना गाडीची येळ इचारली.

अन् मंग चाक वाजाले लागलं.

राखीनं जीप थांबवली. मी उतरली अन् नटाले बोट लावलं. ज्या नटाच्या पान्यावर मी सकाळी उभी राह्यली होती, तो नट बोटानं फिरला. सगळेच फिरले. भाऊ, माझे मालक वारल्यापासून मी एकटी दुकान चालवते, दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाले मी चपलेनं हानलं आहे, मले कशाचं भेव वाटत नाही असं मीच सांगत फिरते. त्या वळनावर मी जीपची दांडी घट्ट धरून उभी राह्यली. राखी खाली बसून नट आवळत होती, शांत, रोजच्या सारखी, अन् जीपच्या पलीकडं दरी. माझ्या मनात आलं का हे चाक एक दिवस इथं वाजनार नाही, पुढच्या उतारावर जाऊन एकदमच निखळंल, अन् माझी पोरगी त्या दरीत जाईल.

"उद्यापासून जीप बंद," मी म्हनलं.

"मंग यांचं औषध कोन आनंल?" राखीनं उकंडरावाकडं हात केला. "तू?"

त्या दिवशी दवाखानाच बंद भेटला, उकंडराव तसेच परत निघाले. मीही दुकान उघडलं नाही, त्यांच्या संगच पुन्हा वर गेली. पोरीले एकटीले सोडाची माझी हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी अंगनात आली तर विमलबाई चाकापाशी बसलेली, हातात वाटी, वाटीत तेलात कालवलेला दाट शेंदूर. मी दात घासत पाह्यत होती. मंग पाह्यलं का राखी एक नट खोलून पूर्ण काढते. विमलबाई बोट शेंदरात बुडवते, भोकाच्या खोबनीत घालते, गोल फिरवते, चांगला जाड लेप देते. राखी नट परत लावते अन् आवळते. मंग दुसरा नट खोलते.

"हे काय चालू आहे?" मी म्हनलं.

"वरून लावलेला धुऊन जाते," विमलबाई म्हने. "शेंदूर मुळाले लागला पाह्यजे. थरावर थर चढला पाह्यजे इहीनबाई. दगडाचा देव कसा होते? एका दिवसात होते काय?"

माझ्या डोक्यात उजेड पडला, अन् त्याच्या संगच आगही लागली. म्हनजे मी देलेला नट रिमले टेकतच नव्हता. तो शेंदराच्या लेपावर बसत होता. लेप वाळला का कडक होते, पाना लावला का हाताले वाटते घट्ट आहे. गाडी गोट्यावरून आपटत उतरली का तो लेप दबते, त्याचा भुगा होते, अन् जेवढा भुगा झाला तेवढा नट ढिला. नट ढिला झाला का ही बाई शेंदूर आनखी भरे, अन् शेंदूर जास्त झाला का नट आनखी लवकर सुटे. वळन म्हनजे सगळ्यात खराब उताराचा शेवट, म्हनून चाक तिथंच वाजे. सगळा हिशेब जमला. गाडी दबते कशानं हे तेवढं जमलं नाही, पन मी म्हनलं ढिल्या चाकानंच होत असंल.

"अवं, तूच मारशील माझ्या पोरीले," मी म्हनलं. एवढी वर्षं भांडलो आमी, पन 'तुमी' सोडून तिले मी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी 'तू' निघालं तोंडातून. "म्हसोबा नाही काही नाही. तुझ्या बोटानं सुटून राह्यले ते नट."

अंगनात दूध घेऊन आलेले लोक उभे होते. मले वाटलं आता ही वाटी फेकून मारते. मी तयारच होती. पन तिनं वाटी हळूच खाली ठेवली अन् राखीकडं पाह्यलं. "खरं आहे काय वं?"

राखीनं भोकातल्या शेंदरावरून बोट फिरवलं. "आईले यातलं कळते, आत्याबाई," ती सासूले म्हने.

"अन् मले?"

विमलबाई शेंदराचं बोट पदराले पुसत बसली. चांगल्या लुगड्याले पुसत होती, तिले भानच नव्हतं. मंग म्हने, "काढा. खरवडून काढा. पन शेंदूर काढला म्हनून त्याचं मांगनं फिटत नाही, इहीनबाई. इतके दिवस मी त्याले थोडं थोडं देऊन थांबवलं. आज त्या चाकावर मी बसते."

"बस ना. कोन नाही म्हनते?" मी म्हनलं.

खरवडाले लय येळ लागला. तारेचा ब्रश, डिझेल, फडके. वरचा थर लाल, त्याच्या खालचा काळपट, त्याच्या खालचा असा घट्ट का पेचकसानं टोकरून काढावा लागला. भोकाभोकातून लाल पानी अंगनात वाहत गेलं अन् कोंबड्या त्याच्यापासून लांब पळाल्या. खोबनीतली चांदी चमकाले लागली तेव्हा मी कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. खोबनीत तेलाचा थेंब नाही, रंगाचा डाग नाही. तेच निमुळते नट घासून-पुसून हातानं बसवले, मंग पाना, मंग पुन्हा पाना. तेवढ्यात विमलबाई आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली अन् कोनाशी न बोलता मांगं जाऊन बसली. डाव्या बाकावर, दाराच्या अगदी जवळ, जिथं काल मी होती.

मी पुढं राखीच्या बाजूले बसली, पन तोंड मांगं करून. समोर तेच उकंडराव, त्याच बाया. नाला झाला, उतार झाला. वळन आलं अन् गप्पा बंद झाल्या. दगड डाव्या हाताले आला, अन् जीप मांगून दबली. नट घट्ट होते, चाक घट्ट होतं, तरी दबली.

पुढचं मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं भाऊ. विमलबाईनं लुगड्याचा घोळ आवरला अन् ती दारापासून आत सरकली. नवीन पाशिंजर चढलं का आपन कसं सरकतो, तसं. अन् म्हने, "बस. जागा आहे."

तिच्या बाजूले कोनी नव्हतं. बाक रिकामा होता. उकंडरावानं डोळे मिटून घेतले.

मी घाबरली का? घाबरली. पन माझं सगळं लक्ष चाकाकडं होतं. मी कान देऊन ऐकत होती. टक नाही, टुक नाही. वळन मांगं पडलं, पुढचा उतार लागला, तोही सरला, चाक मुकाट्यानं फिरत होतं. मी राखीच्या पाठीवर थाप मारली अन् मोठ्यानं हसली. राखीनंही किती दिवसांनी हसून पाह्यलं माझ्याकडं. मी मांगं वळून म्हनलं, "काय इहीनबाई, गेला ना तुमचा म्हसोबा?" तिनं उत्तर देलं नाही. मान दाराकडं वळवलेली, पदर डोक्यावरून पुढं आलेला. मले वाटलं हारली म्हनून रुसली. मले बरंच वाटलं, खोटं काऊन बोलू.

खालच्या फाट्यावर आनखी बाया चढल्या. जीपमधे पाय ठेवाले जागा नव्हती, तरी विमलबाईच्या बाजूची जागा तशीच रिकामी. एक बाई तिथं टेकाले गेली अन् टेकता टेकता उठली, अन् दुधाच्या कॅनवर जाऊन बसली. नंतर मी तिले इचारलं का काऊन उठली. ती म्हने, "कोनी बसलं होतं ना तिथं." मंग तिचं तिलेच कळेना का कोन.

धामणगावले या दुकानासमोर जीप थांबली. सगळे उतरले. विमलबाई उतरली नाही. राखी मांगून गेली, "आत्याबाई, आलं गाव," म्हनून तिनं हात धरला, अन् तो हात धरून तशीच उभी राह्यली. मी पुढून पाह्यत होती. मले राखीच्या तोंडावरूनच कळलं.

डॉक्टर आले. म्हने हृदय बंद पडलं, लय येळ झाला, वाटेतच कुठंतरी गेल्या. कुठं गेली ते त्यांना कोनी सांगतलं नाही. जीपमधल्या सगळ्या मानसांना ठाऊक होतं.

राखी तेव्हा रडली नाही. तिनं सीटखालून पाना काढला, चाकापाशी बसली अन् एकेका नटाले लावत गेली. मी म्हनलं राहू दे वं माय, आता कशाले. तिनं ऐकलं नाही. सगळा जोर लावला पोरीनं. पाना तसूभरही फिरला नाही. मंग तिनं चाकाले डोकं टेकवलं अन् रडाले लागली.

पळसखोरीत लोक म्हनतात का त्यानं आपलं घेतलं. मी म्हनते म्हातारं शरीर, मनात भेव घेऊन बसली, उतारावर छाती थांबली, असं होते. चारचौघात मी हेच सांगते अन् जोरात सांगते. त्या दिवसापासून चाक वाजलं नाही. जीप त्या वळनावर दबतही नाही. राखी रोज येते, रोज जाते, अन् नटाले बोट लावाची गरज पडत नाही.

तेरवी झाल्यावर ती दुकानात आली होती. तुमी बसले त्याच स्टुलावर बसली. म्हने, "आई, त्या दिवशी गाडीत चढाच्या आधी आत्याबाई मले एक बोलल्या. म्हने, तुझी माय खरी असंल तर चाक टिकंल. मी खरी असंल तर तू टिकशील. मंग भेव कशाचं?"

मी काउंटरखालचा डबा उगाच ओढला अन् परत सारला भाऊ. चाक टिकलं. पोरगीही टिकली. आता मले सांगा, आमच्या दोघीत खरी कोन? हे जिच्यासंग भांडून मी ठरवलं असतं ती बाईच राह्यली नाही. लय आठवन येते तिची.